मोठं झालेलं मूल सावरत नाही तेव्हा: आशा शिकता येते का?

"सध्या काय करतो तुमचा मुलगा?" कुणी अगदी सहज विचारलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. वय वर्षं २८. काय करतो, तर दुपारी उठतो, दार लावून बसतो, नोकरी दोनदा लागली नि दोनदा सुटली, मधल्या काळात दारू वाढली, डॉक्टरकडे तीनदा आला आणि चौथ्या वेळी नाही म्हणाला ते नाहीच. यातलं काय सांगणार कुणाला? मग "चाललंय त्याचं" म्हणायचं आणि विषय बदलायचा. लहान मूल आजारी पडलं तर सगळे धावून येतात, पण पंचविशी ओलांडलेल्या मुलाचं असं झालं की लोक एकतर सल्ले देतात नाहीतर गप्प होतात.

त्यातला एक सल्ला मला नेहमी मिळतो, "अगं मुलीचं किती छान चाललंय, त्यात आनंद मान ना." मानते की! पण मन असं बेरीज-वजाबाकी करत नाही, आणि हे नुसतं माझं रडगाणं नाहीये. कॅरन फिंगरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ६३३ मध्यमवयीन आईवडिलांचा अभ्यास केला होता, २०१२ मध्ये तो छापून आला. एक जरी मूल अडचणीत असेल तर आईवडिलांचं मानसिक स्वास्थ्य कमी असल्याचं त्यात दिसलं, पण एक मूल यशस्वी आहे म्हणून तसा फरक पडलेला दिसला नाही. हे वाचलं तेव्हा मला खरंच हायसं वाटलं, म्हणजे मी कृतघ्न नाहीये तर.

मग प्रश्न उरतो की अशा घरात आशा ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं. "पॉझिटिव्ह रहा" हे मला कधीच जमलं नाही आणि आता वाटतं की ते जमायची गरजही नाही. याबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका जुन्या प्रयोगाने, म्हणजे खरं तर त्या प्रयोगाच्या चुकलेल्या अर्थाने.

१९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसायचे आणि ते थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे एक छोटी उडी मारली की सुटका, पण त्यातले बरेच कुत्रे उडी मारायचा प्रयत्नच न करता पडून राहिले. (वाचताना मला फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.) निष्कर्ष असा काढला गेला की हताशपणा शिकला जातो, आपल्या करण्याने काही होत नाही हे जीव अनुभवातून शिकतो. पुढे कितीतरी वर्षं पुस्तकांत हेच शिकवलं गेलं.

पण मायर नंतर मेंदूच्या अभ्यासाकडे वळले, उंदरांवर काम केलं, आणि २०१६ मध्ये त्या दोघांनीच लिहिलं की आपला मूळ अर्थ उलटा होता. झटके लांबले की मेंदूच्या तळाशी सेरोटोनिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशींचा एक पुंजका आहे तो जोरात काम करू लागतो आणि प्राणी ढिला पडतो. हे शिकावं लागत नाही, आपोआप होतं. शिकावं लागतं ते दुसरंच, 'यातलं काहीतरी माझ्या हातात आहे' हे. दोन उंदरांना अगदी सारखेच झटके, पण एकाच्या समोर एक चाक, ते फिरवलं की झटका दोघांचाही थांबतो. त्रास दोघांना तेवढाच झाला, पण चाकवाल्या उंदराच्या मेंदूचा पुढचा भाग हे ओळखतो आणि खालच्या त्या पुंजक्याला शांत करतो. आणि पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, नंतर याच उंदराला जिथे कंट्रोल अजिबात नाही अशा त्रासात टाकलं तरी तो चाक न मिळालेल्या उंदराइतका कोसळत नाही. आधीचा चाकाचा अनुभव त्याला तिथेही उपयोगी पडतो.

उंदरावरून आईबापापर्यंत ही उडी मी मारतेय, प्रयोगाने मारलेली नाही, हे सांगायला हवं. पण चार वर्षं मी जिथे हात मारत होते तिथे चाक नव्हतंच ना! त्याचं उठणं, त्याचं पिणं, त्याचं औषध, यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं, आणि मी रोज तेच फिरवायला जायची आणि रोज हरायची, रात्री कडीचा आवाज येईपर्यंत जागी, आवाज आला की दारू प्यायलाय का हे पावलांवरून ओळखायचा प्रयत्न, मग सकाळी भांडण. अशाने माणूस ढिला पडणारच, त्यात स्वभावाचा दोष नाही.

आशेवर आयुष्यभर काम केलेले कॅन्सस विद्यापीठातले रिक स्नायडर हेच वेगळ्या शब्दांत सांगायचे. १९९१ मध्ये त्यांनी आशेची व्याख्या मांडली ती तीन गोष्टींची, ध्येय, तिथे जायचे मार्ग, आणि त्या मार्गावर चालायची ताकद. 'सगळं नीट होईल' असं वाटणं त्यात कुठेच नाही. एक मार्ग बंद झाला तर दुसरा शोधता येणं म्हणजे आशा. आणि ध्येय जर 'तो पूर्वीसारखा व्हावा' एवढं मोठं असेल तर मार्ग सापडणारच नाहीत, पण 'आज त्याच्याशी भांडण न करता दहा मिनिटं घालवायची' याला मार्ग असतात.

ही दहा मिनिटं किरकोळ वाटतील, पण त्यामागे भरपूर रिसर्च आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांना १९५० च्या दशकात दिसलं की स्किझोफ्रेनियाचे काही पेशंट हॉस्पिटलमधून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेले तर जास्त वेळा पुन्हा बिघडतात, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेले त्यामानाने बरे. मग घरातलं बोलणं मोजायला सुरुवात झाली, टीका किती, तिरस्कार किती, आणि अति गुंतणं किती. हो, अति गुंतणंसुद्धा, म्हणजे सतत रडणं, स्वतःचं सगळं सोडून त्याच्याभोवती फिरणं, जे मी प्रेम समजून करत होते. १९९८ मध्ये २७ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही, घरात हे जास्त तर आजार पुन्हा उलटायची शक्यता जास्त, हा संबंध पक्का निघाला, आणि डिप्रेशनसारख्या मूडच्या आजारांत तर तो आणखी जास्त होता. पण नीट ऐका, याचा अर्थ आजार आईबापामुळे होतो असा अजिबात नाही. अवघड आजारामुळे घरातली टीका वाढते आणि टीकेमुळे आजार चिघळतो, दोन्ही बाजूंनी चालतं ते. आणि यातली एक बाजू आपल्या हातात आहे.

व्यसनाच्या बाबतीत तर याचं थेट उत्तर आहे. रॉबर्ट मायर्स यांनी न्यू मेक्सिकोत घरच्यांसाठी ट्रेनिंगची एक पद्धत बनवली, क्राफ्ट. त्यात न पिता असेल तेव्हा त्याच्याजवळ जायचं, प्यायलेला असेल तेव्हा शांतपणे बाजूला व्हायचं, त्याने केलेला पसारा त्यालाच निस्तरू द्यायचा, आणि उपचाराचा विषय योग्य वेळ बघून काढायचा. १९९९ च्या एका अभ्यासात, दारू पिणारा माणूस उपचाराला नाही म्हणतोय अशा १३० घरच्यांना तीन वेगवेगळ्या पद्धती दिल्या. क्राफ्टवाल्यांपैकी ६४ टक्क्यांच्या माणसाने उपचार सुरू केले, सगळ्यांनी मिळून घेरून समजवायच्या पद्धतीत ३० टक्के, आणि घरच्यांच्या आधारगटाच्या वाटेने १३ टक्के. त्यातही नवरा-बायकोपेक्षा आईवडील जास्त यशस्वी झाले! आणि एक अजून, तिन्ही गटांतल्या घरच्यांची स्वतःची अवस्था मात्र सारखीच सुधारली, कुठलीही पद्धत असो. म्हणजे आपण मदत घ्यायची ती त्याच्या होकारावर अडवून ठेवायची नाही.

पैशांचंही बोलते, कारण घरोघरी तेच असतं. नऊ वेळा नाही म्हणायचं आणि दहाव्या वेळी त्याच्या ओरडण्याला कंटाळून द्यायचे. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर दाखवलं होतं की दाणा कधी मिळेल ते ठरलेलं नसलं की कबूतर सगळ्यात चिवटपणे चोच मारत राहतं. आम्ही नकळत तेच शिकवत होतो. आता मी आणि नवऱ्याने ठरवलंय, औषध, डॉक्टर, कामासाठीचा प्रवास याला हो, हातात रोख नाही, आणि दोघांचं उत्तर एकच. पहिले काही आठवडे ओरडणं वाढलं, तसं ते वाढतंच, तेव्हा टिकून राहायचं. पण जीव देण्याची भाषा किंवा मारहाण असेल तर मात्र हे कुठलेच नियम नाहीत, तेव्हा ताबडतोब डॉक्टर किंवा इमर्जन्सी मदत, थांबायचंच नाही.

आणि एवढं करूनही दुःख राहतंच. पॉलीन बॉस यांनी त्याला धूसर वियोग असं नाव दिलंय, माणूस समोर बसलेला असतो पण आपण ओळखत होतो तो त्यात सापडत नाही, आणि या दुःखाला कुणी भेटायला येत नाही.

बरं, शेवटी होतं काय अशा मुलांचं? अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मनोरुग्णालयाच्या मागच्या वॉर्डांत वर्षानुवर्षं पडलेले, कुणालाच आशा नसलेले २६९ पेशंट १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुनर्वसनाच्या कार्यक्रमात घेतले गेले. कोर्टनी हार्डिंग यांच्या टीमने त्यांना सरासरी ३२ वर्षांनी शोधून काढलं आणि १९८७ मध्ये छापलं, अर्ध्यापासून दोन तृतीयांशपर्यंत लोक बरेच सुधारले होते किंवा बरे झाले होते. सगळे नाही, हेही तितकंच खरं. पण मधल्या कुठल्याही एका वर्षी बघून कोण सुधारेल हे सांगता आलं नसतं, आणि मी तर रोजच्या रोज निकाल लावत होते.

माझं चाक म्हणजे गॅलरीतल्या कुंड्या. सकाळी दहा मिनिटं पाणी घालते, तो जागा असेल तर हाक मारते, नोकरीचा आणि दारूचा विषय त्या दहा मिनिटांत काढायचा नाही असं ठरवलंय. पहिले अकरा दिवस तो आलाच नाही. बाराव्या दिवशी दारात उभा राहिला, बराच वेळ नुसता बघत होता, मग म्हणाला, "मोगऱ्याला जास्त घालतेस तू, मुळं कुजतील." मी बरं म्हटलं आणि झारी त्याच्या हातात दिली. गेल्या आठवड्यात तीन दिवस आला, या आठवड्यात अजून नाही. मी दोन झाऱ्या भरून ठेवते, तो नाही आला तर दुसरीही मीच रिकामी करते, मोगरा सोडून.