कृत्रिम झडप, मेथीची भाजी आणि आयएनआर

हृदयात मेकॅनिकल झडप बसवून माणूस घरी आला की पहिली कुऱ्हाड पालेभाज्यांवर पडते. मेथी बंद, पालक बंद, अळूचं तर नावच काढायचं नाही. या पथ्याची गरज नसते. गरज असते ती प्रमाण सारखं ठेवण्याची.

झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून वॉरफेरिन किंवा असिनोकुमारॉल आयुष्यभर घ्यावं लागतं. या गोळीने रक्त पातळ होत नाही. यकृत रक्त गोठवणारे २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे घटक बनवतं. त्यांना शेवटच्या टप्प्यात कार्बॉक्सिल नावाचे रासायनिक गट जोडले गेले तरच ते कॅल्शियम धरतात आणि कामाला लागतात. या जोडणीत पालेभाज्यांत भरपूर असणारं के जीवनसत्त्व खर्ची पडतं आणि एक विकर (एन्झाइम) ते पुन्हा वापरण्याजोगं करतं. गोळी नेमकं हे विकर अडवते; भाजी एकदम वाढली की गोळीचा परिणाम कमी पडतो. रक्तात आधीच फिरणाऱ्या तयार घटकांना मात्र ती हात लावत नाही. ते आपापल्या वेळेने संपतात. सातवा सुमारे ६ तासांत निम्मा होतो, दुसऱ्याला अडीच दिवस लागतात. म्हणून सुरुवातीला आयएनआर (रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती जास्त वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) दोन दिवसांतच वाढलेला दिसला तरी संरक्षण पुरतं मिळालेलं नसतं आणि लगेच काम करणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं चालू ठेवतात. डोस बदलल्याचा पूर्ण परिणामही असाच उशिरा दिसतो. सोमवारी १.८ आला म्हणून डोस वाढवला, बुधवारी फरक नाही म्हणून पुन्हा वाढवला, की पुढच्या आठवड्यात हिरड्यांतून रक्त येतं.

महाधमनीच्या झडपेला साधारण २ ते ३, मायट्रलला (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला) २.५ ते ३.५ आयएनआर लागतो. आपला आकडा फाइलवर लिहून घ्यावा. रक्त निळ्या टोपणाच्या नळीत खुणेपर्यंत भरलंय ना, हे बघावं. नळी अर्धवट भरली तर तिच्यातलं रक्त गोठू न देणारं सायट्रेट रक्ताच्या मानाने जास्त होतं आणि आकडा खोटाच वाढतो.

ऋषिपंचमीची भाजी एक दिवस खाल्ली म्हणून काही बिघडत नाही. महिनाभर साबुदाणा-बटाट्यावर उपास केले तर के कमी पडून आयएनआर चढू शकतो. त्याहून मोठी गडबड औषधं करतात. जुलाबावरचं मेट्रोनिडाझोल आकडा वाढवतं, क्षयावरचं रिफाम्पिसिन पाडतं आणि ते थांबवलं की काही आठवड्यांत आकडा उसळतो. कोणतंही औषध सुरू किंवा बंद झालं की आठवड्याच्या आत तपासणी करावी.

‘तपासणीची कटकट नको, नवी गोळी घ्या’ हा प्रचार या झडपांना लागू नाही. या नव्या गोळ्यांपैकी डॅबिगॅट्रानची अशा रुग्णांवरची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्जुनाच्या काढ्यावर गोळी सोडणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं!

एखादा डोस चुकला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावा, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. दात काढायचा असला तरी गोळी परस्पर बंद करू नये. दंतवैद्याला झडपेबद्दल सांगावं, ताजा आयएनआर दाखवावा. झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिक लागतं, बहुधा २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन; पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तेही आधीच सांगावं.