हाडांचा पत्ता: क्रेमोनाच्या सान दोमेनिको चर्चची गोष्ट

१७२९ साली उत्तर इटलीतल्या क्रेमोना शहरात पंच्याऐंशीच्या आसपास वय असलेल्या अंतोनिओ स्त्रादिवारी या व्हायोलिन कारागिराने जुनी कबर विकत घेतली. ती मूळची व्हिलानी घराण्याची होती आणि कारागिराच्या घरासमोरच असलेल्या सान दोमेनिको चर्चमध्ये, जपमाळेच्या म्हणजे रोझरीच्या चॅपेलमध्ये होती. दगडावरची जुनी अक्षरे घासून तिथे ‘अंतोनिओ स्त्रादिवारी आणि त्यांचे वारस यांची कबर, वर्ष १७२९’ असा नवा लेख कोरण्यात आला. घासकाम मात्र पुरते झाले नाही. क्रेमोनात जपून ठेवलेल्या त्या शिळेवर नव्या अक्षरांमागे जुन्या धन्याच्या नावाच्या खुणा अजूनही दिसतात. ज्यांच्या वाद्यांना आज कोट्यवधींची किंमत येते, त्यांनी स्वतःसाठी वापरलेली कबर घ्यावी याची थोडी गंमत वाटते. पण चर्चमधली जागा मोजकीच असे आणि एखादे घराणे संपले की तिचा हक्क दुसऱ्याकडे जाणे ही त्या काळची सर्वमान्य रीत होती.

सान दोमेनिको हे डोमिनिकन संन्याशांचे चर्च होते, पण रोझरीच्या चॅपेलमागे उभा होता तो सामान्य भाविकांचा बंधुसंघ. असा संघ याकोब श्प्रेंगर या डोमिनिकन धर्मगुरूने १४७५ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात स्थापन केला आणि त्याचे लोण युरोपभर पसरले. वर्गणीची सक्ती नव्हती. स्त्रिया, मजूर, गरीब यांपैकी कोणीही नोंदवहीत नाव घालू शकत असे, इतकेच काय, नातेवाईक मृतांचीही नावे घालत. बंधन एकच होते, आठवड्यातून एकदा पूर्ण जपमाळ, म्हणजे मरियामातेची प्रार्थना दीडशे वेळा म्हणण्याचे. दीडशे हा आकडा बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांवरून आलेला आहे. ज्यांना लॅटिन वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी ही स्तोत्रांची तोंडपाठ आवृत्तीच होती. पोथी न वाचता येणाऱ्याने हरिपाठ मुखोद्गत करावा, तसेच हे. १५७१ मध्ये लेपांतोच्या आरमारी लढाईत तुर्कांचा पराभव झाला, त्याचे श्रेय पोप पाचवे पायस यांनी जपमाळेला दिले आणि त्यानंतर गावोगावी असे संघ उभे राहिले. पोर्तुगीज अमलात हीच परंपरा गोव्यात पोचली. तिथे सणाच्या मिरवणुकीत लाल-पांढरे झगे घालून चालणारे ‘कोंफ्राद’ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना बंधुसंघ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

क्रेमोनाच्या चॅपेलसाठी सतराव्या शतकात नामवंत चित्रकारांकडून मोठी चित्रे काढून घेण्यात आली. ज्युलिओ चेझारे प्रोकाच्चिनी यांचे ‘मरियेचा मृत्यू’ हे त्यांपैकी एक, आणि ते आज शहराच्या चित्रसंग्रहालयात आहे. चित्रे, वेदी, फरशीखालच्या विटांच्या कबरी आणि वह्यांमधली नावे हे सगळे मिळून एक व्यवस्था होती, आणि कोण कुठे पुरले आहे याचा पत्ता तिच्यात आपोआप सांभाळला जात होता. १८ डिसेंबर १७३७ रोजी स्त्रादिवारी वारले. सान मात्तेओ धर्मग्रामाच्या पाद्र्याने दुसऱ्या दिवशी नोंद केली की सुमारे पंच्याण्णव वर्षांच्या या विधुराचे शव समारंभपूर्वक सान दोमेनिकोमध्ये नेऊन पुरण्यात आले. पुढच्या काही वर्षांत ओमोबोनो आणि फ्रान्चेस्को ही मुलेही त्याच कबरीत गेली.

ही व्यवस्था एका फटक्यात मोडली नाही. १७८० च्या दशकात ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने क्रेमोनासह आपल्या मुलखातले बहुतेक बंधुसंघ बंद केले, नेपोलियनच्या काळात मठ रिकामे झाले आणि चर्चमध्ये दफन करण्यावर बंदी आली. राखणारे गेल्यावर इमारत जीर्ण होत गेली. अखेर १८६९ मध्ये सान दोमेनिको पाडण्याचे काम सुरू झाले आणि त्या जागी आजची पियाझ्झा रोमा ही सार्वजनिक बाग झाली. कबरी उघडल्या तेव्हा हाडे एकमेकांत मिसळली, कोणाची कोणती हे सांगता येईना, आणि ती सारी शहराबाहेर एकत्र पुरण्यात आली.

त्याच १८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेन येथे फ्रीडरिश मीशर जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून एक नवा पदार्थ वेगळा करत होते. त्याला त्यांनी ‘न्यूक्लीन’ म्हटले. आज आपण त्याला डीएनए म्हणतो. क्रेमोनातल्या मजुरांना आणि अधिकाऱ्यांना याची खबर असण्याचे कारणच नव्हते, म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण तेव्हा नेमके काय गमावले, हे समजून घेण्यासारखे आहे.

सुट्या हाडावरून वयाचा अंदाज आणि बहुधा लिंग कळते, एवढेच. हाड किती जुने हे सांगणाऱ्या कार्बनच्या चाचणीवर इथे भिस्त ठेवता येत नाही, कारण साधारण १६५० नंतरच्या काळात वातावरणातल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण असे वरखाली झाले की एकाच मोजणीतून दोन-तीन वेगवेगळी शतके निघतात. डीएनए नाते सांगू शकतो, नाव सांगू शकत नाही. हाडे एकाच कबरीत राहिली असती, तर मात्र एक म्हातारा आणि दोन प्रौढ पुरुष यांचे बापाकडून मुलाला मिळणारे वाय गुणसूत्र सारखे, दोघा प्रौढांचा फक्त आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए एकमेकांशी जुळणारा पण म्हाताऱ्यापेक्षा वेगळा, अशी जोडणी दिसली असती. ती दिसली की हे बाप आणि एकाच आईचे दोन मुलगे हे ठरले असते आणि दगडावरच्या लेखाने नाव पुरवले असते.

ही नुसती कल्पना नाही. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणातल्या शिराझ येथे ठार मारण्यात आले आणि तिचे अवशेष १६२७ मध्ये ऑगस्टिनियन संन्याशांनी गोव्यात आणले. जुन्या गोव्यातले त्यांचे चर्च पुढे कोसळले, पण अवशेष नेमके कुठे ठेवले होते याचे वर्णन जुन्या कागदपत्रांत होते. पुरातत्त्व खात्याला २००४ मध्ये त्या भग्नावशेषांत एक हाड मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा मायटोकाँड्रियल डीएनए तपासला. भारतीय नमुन्यांत न आढळणारा, जॉर्जियात मात्र सापडणारा मातृवंश त्यात निघाला. माझ्या मते इथे खरे काम प्रयोगशाळेइतकेच कागदांनीही केले. गोव्यात चर्च पडूनही पत्ता टिकला. क्रेमोनात तो इमारतीबरोबर गेला.

स्त्रादिवारी यांच्या बाबतीत तपासता येण्यासारखे उरले आहे ते लाकूड. झाड दर वर्षी एक वलय धरते आणि त्या वर्षीच्या हवामानाप्रमाणे ते रुंद किंवा अरुंद होते. आल्प्समधल्या झाडांच्या ज्ञात वलयक्रमाशी व्हायोलिनच्या वरच्या पाटाची वलये जुळवली, की झाड कोणत्या वर्षांत वाढत होते हे कळते. १७१६ च्या ‘मेसाया’ या व्हायोलिनच्या अस्सलपणावर शंका घेतली गेली, तेव्हा हीच पद्धत वापरण्यात आली आणि वलये १५७७ ते १६८७ या काळातली निघाली. शेवटच्या वलयाआधी वाद्य बनणे शक्य नसते आणि १६८७ हे १७१६ च्या आधीचे असल्यामुळे तारखेला बाध येत नाही. ते वाद्य ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात काचेमागे आहे, आणि पियाझ्झा रोमामध्ये स्त्रादिवारींच्या नावाची एक शिळा झाडांच्या सावलीत आहे. तिच्याखाली कोणी नाही.