कार्पल टनेल सिंड्रोम: ऑपरेशन केव्हा, हा प्रश्न आला कुठून?

मध्यरात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. माणूस हात झटकतो, पलंगाखाली लोंबता सोडतो, मग जरा बरं वाटतं. बोस्टनचे डॉक्टर जेम्स जॅक्सन पटनम यांनी १८८० मध्ये ३७ रुग्णांच्या अशा तक्रारी नोंदवल्या. मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नर्व्ह ही हाताकडे जाणारी नस दाबली जाते (यालाच आज कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात), हे मात्र तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

खरा धागा हाती लागला तो १९१३ साली, आणि तोही शवविच्छेदनात. पिएर मारी आणि शार्ल फुआ या फ्रेंच डॉक्टरांनी ८० वर्षांच्या एका रुग्णाचे हात तपासले. अंगठ्याच्या बुंध्याचा मांसल उंचवटा दोन्हीकडे झिजलेला होता. मनगटावरच्या जाड पट्ट्याखाली नस बारीक झालेली, त्याच्या जरा वर गाठीसारखी फुगलेली. दुखणं वेळीच ओळखलं तर हा पट्टा कापून पुढची हानी टाळता येईल, असं त्यांनी तेव्हाच सुचवलं. ऑपरेशन रूढ होण्याआधीच ‘वेळीच’ हा शब्द आला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१९४७ मध्ये ब्रेन, राइट आणि विल्किन्सन या डॉक्टरांनी याच दुखण्याच्या सहा रुग्णांवरचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. पुढे जॉर्ज फेलन यांनी मनगट वाकवून करायची साधी तपासणी रूढ केली. नसेतला विद्युत संदेश किती रेंगाळतो, तेही मोजता येऊ लागलं. निदान लवकर होऊ लागलं, तसा ऑपरेशनसाठी थांबायचं किती हा प्रश्न टोकदार झाला.

२००२ मध्ये नेदरलँड्समधल्या १७६ रुग्णांच्या चाचणीत १८ महिन्यांनी ऑपरेशन गटातले ९० टक्के बरे होते, स्प्लिंट (मनगट सरळ ठेवणारी पट्टी) गटातले ७५ टक्के. पण तोवर स्प्लिंट गटातल्या ४१ टक्क्यांनी ऑपरेशन करून घेतलेलं होतं. शिवाय स्नायू फार झिजलेले रुग्ण या चाचणीत घेतलेच नव्हते, म्हणून हे आकडे त्यांना लावू नयेत.

गरोदरपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. तिथे थांबणं शहाणपणाचं. उलट मनगट मोडल्यावर बधिरपणा झपाट्याने वाढला, तर तासांचा हिशेब असतो. सगळ्यात फसवी अवस्था वेगळीच. कळ कमी होते, माणूस सुटकेचा श्वास टाकतो, पण बोटं दिवसभर बधिर असतात आणि शर्टाचं बटण चिमटीत धरवत नाही. ती कळ नस बरी झाली म्हणून थांबलेली नसते. नसेची जाणीवच मंदावलेली असते.