२१४७४८३६४७ : हा आकडा आला कुठून

दोनाचा एकतिसावा घात वजा एक. २ अब्ज १४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. कोडिंगवाल्यांना हा पाठ असतो, पण त्यांच्या कितीतरी आधी तो गणितवाल्यांच्या हातात होता.

१७व्या शतकात ही मूळ संख्या आहे असं सांगून झालं होतं, पण दोनाच्या कोणत्या घातातून एक वजा केला की मूळ संख्या मिळते याची जी प्रसिद्ध फ्रेंच यादी १६४४ मध्ये आली, तिच्यात ३१ सोबत ६७ आणि २५७ हे चुकीचे घातांकही होते, त्यामुळे नुसत्या सांगण्यात दम नव्हता. पुरावा आला १७७२ च्या सुमारास. वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसायचं तर साडेचार हजारांवर भागाकार, पण विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरणार हे आधी दाखवलं आणि काम ८४ भागाकारांवर आलं. मला तरी खरी करामत हीच वाटते. १८११ मध्ये एका इंग्रज लेखकाने लिहून टाकलं की यातून मिळणारी परिपूर्ण संख्या (स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते ती) २३०५८४३००८१३९९५२१२८ हीच कायमची सर्वात मोठी राहणार, उपयोगच नाही तर पुढची शोधणार कोण! १८७६ ला त्याहून मोठी सापडली.

कॉम्प्युटरमध्ये हा आकडा आला तो मूळ संख्या म्हणून नाही, हे बरेच जण गल्लत करतात. आकडा ठेवायला ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागा, त्यातला एक बिट अधिक-उण्याला गेला, ३१ उरले, बस. मूळ असणं खरोखर कामाला आलं ते रँडम नंबर बनवताना, आधीच्या आकड्याला १६८०७ ने गुणायचं, २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्यायची, की एकही आकडा रिपीट न होता पूर्ण फेरी होते.

वाद आहे तो वेळेवरून. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधी सेकंदाचे साठ भाग मोजायचे, ते ३२ बिटांत अडीच वर्षंही पुरेना, म्हणून १९७० पासूनचे सेकंद मोजायला लागले. पण उणे आकडे कशाला ठेवले? ते काढले असते तर २१०६ पर्यंत निवांत होतं. एक तर तेव्हा सी या प्रोग्रॅमिंग भाषेत बिनचिन्हाचा, म्हणजे उणे न होणारा इंटिजरच नव्हता, आणि युनिक्स करणाऱ्याचं म्हणणं असं की आपल्या हयातीतल्या सगळ्या तारखा त्यात बसल्या तर बरं, उणे बाजूने डिसेंबर १९०१ पर्यंत मागे जाता येतं. लोक याला आखूड दृष्टी म्हणतात, मला नाही पटत, जन्मतारखा १९७० च्या आधीच्याच होत्या की सगळ्यांच्या.

तर १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, तिथे हा आकडा भरतो आणि पुढच्या सेकंदाला जुनी सिस्टिम थेट १९०१ दाखवेल. २०१४ मध्ये यूट्यूबवर एका कोरियन गाण्याचे व्ह्यूज याच्या पुढे गेले तेव्हा काउंटर ६४ बिटांवर नेला, ते सोपं होतं कारण सर्व्हर एकाच कंपनीचे. नवीन ऑपरेटिंग सिस्टिम्सही ६४ वर गेल्यात, अडकणार आहेत ते जुन्या डेटाबेसमधले ३२ बिटांचे कॉलम आणि कुठल्यातरी मशीनच्या पोटात बसवलेले, कधीच अपडेट न होणारे कंट्रोलर.