सागरपार प्रदेशांतील रहिवाशांचे नागरिकत्व

मायभूमीपासून समुद्राने तुटलेल्या, पण तिच्याच सत्तेखालील प्रदेशांतल्या लोकांना नागरिकाचे सर्व वा काही हक्क देण्याची पद्धत. वसाहतकाळात हे लोक सामान्यतः नागरिक नव्हे, प्रजाजन गणले जात.

आरंभाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक फ्रान्समधील १८४८ ची क्रांती प्रमाण मानतात. तेव्हा पुदुचेरीसह फ्रेंच भारतातील पुरुषांना मताधिकार मिळाला. पण मत मिळाले तरी वारसा-विवाहाचा कायदा जातिधर्माप्रमाणे निराळाच राहिला. २१ सप्टेंबर १८८१ च्या हुकमाने तो सोडून फ्रेंच दिवाणी संहितेखाली येण्याची मुभा मिळाली. त्यासाठी लेखी त्यागपत्र द्यावे लागे, आडनाव घ्यावे लागे, आणि केलेला त्याग मागे घेता येत नसे. सागरपार प्रदेशांतील सर्व रहिवाशांना नागरिक ठरवणाऱ्या ७ मे १९४६ च्या लामिन गेय कायद्याने नागरिकत्वासाठी ही त्यागाची अट उरली नाही, म्हणून तोच खरा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक. तरीही आफ्रिकेतील अनेक प्रदेशांत वेगवेगळे मतदारगट १९५६ पर्यंत टिकले.

ब्रिटनने १ जानेवारी १९८३ पासून अशा रहिवाशांचा वेगळा वर्ग केला. त्यांना ब्रिटनमध्ये वास्तव्याचा हक्क नव्हता. पूर्ण नागरिकत्व २१ मे २००२ रोजी मिळाले, मात्र केवळ सायप्रसमधील लष्करी तळांशी संबंध असलेले वगळले गेले. अमेरिकेच्या सत्तेखालील पोर्तो रिको बेटाचे रहिवासी १९१७ पासून अमेरिकी नागरिक असले तरी अध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मत नाही.

खानदेशच्या अभ्यासकाला यातील एक दुवा महत्त्वाचा वाटावा. १८७४ च्या अनुसूचित जिल्हे कायद्यात मुंबई इलाख्याच्या यादीत सागरपारचे एडन आणि सातपुड्यातील मेवासी (म्हणजे स्थानिक सरदारांची) गावे एकत्र आहेत: काठी, नाल, सिंगपूर व नवलपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे. (होळीसाठी प्रसिद्ध असलेली काठी हीच.) सर्वसाधारण कायदे दोन्हीकडे आपोआप लागू होत नसत. म्हणजे हक्कांचे अंतर समुद्रानेच पडते असे नाही. पुढे १ एप्रिल १९३७ रोजी एडन भारतापासून तुटले. मेवासी गावे त्याच सुमारास ‘अंशतः वर्जित क्षेत्र’ (जेथे कायदे गव्हर्नरच्या आदेशानेच लागू होत) झाली आणि १९५० मध्ये तेथील रहिवासी इतरांसारखेच भारताचे नागरिक ठरले.

पोर्तुगालचे सागरपार प्रदेश भारतात आल्यावर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ खाली गोवा, दमण व दीवसाठी २८ मार्च १९६२ चा आदेश निघाला. स्वतः, आईवडिलांपैकी कोणी किंवा आजी-आजोबांपैकी (आईकडचे धरून) कोणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मले असल्यास ती व्यक्ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली जाते. पूर्वीचे नागरिकत्व ठेवायचे असल्यास महिन्याभरात लेखी निवेदन आवश्यक होते. कसोटी जन्माची आहे, वास्तव्याची नाही; म्हणून भुसावळ-धुळ्याकडे राहणाऱ्या गोमंतकीय घरातही आजोबांचा जन्मदाखला निर्णायक ठरू शकतो. नावाचे पोर्तुगीज आणि मराठी लेखन जुळत नसेल तर नाते सिद्ध करताना अडचण येते. याच दाखल्यावर पुढे पोर्तुगीज नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यास कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते.