मात्सुनचं विरजण आणि न फुटणारं स्पास

कढी फुटली की आमच्याकडे आई पहिलं विचारते, बेसन नीट लावलं होतंस का? आर्मेनियातल्या घरांमधे कढीच्या जागी स्पास असतं आणि बेसनाच्या जागी अंडं आणि गव्हाचं पीठ, बाकी काळजी तीच. स्पास म्हणजे दह्याचं सूप, त्यात खिरीसाठी सडतो तसे गहू शिजवून घातलेले, वरून लोण्यात परतलेला कांदा आणि कोथिंबीर नाहीतर पुदिना. थंडीत गरम पितात, उन्हाळ्यात गारही.

आता ते फुटत का नाही ते बघा. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन आंबटपणा वाढला (पीएच साधारण ४.६ च्या खाली गेला) की एकमेकांना धरून जाळं करतं आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहतं, हेच आपलं दही. नुसतं दही तापवलं की हे जाळं आकसतं, पाणी बाहेर फेकलं जातं आणि वर चोथा दिसायला लागतो. पीठ असेल तर साधारण ६० अंशांच्या पुढे त्यातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, सगळं दाट होतं आणि प्रथिनांच्या गाठी एकमेकींपर्यंत पोचतच नाहीत. बेसनही कढीत हेच काम करतं, मला हे कळलं तेव्हा खरंच खूप भारी वाटलं होतं.

तिथल्या दह्याला मात्सुन म्हणतात. त्यातले दोन मुख्य जीवाणू एकमेकांना जगवतात, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस प्रथिनं तोडून त्याचे तुकडे दुसऱ्याला देतो आणि तो दुसरा, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, बदल्यात फॉर्मिक आम्ल पुरवतो, साधारण ४२-४५ अंशांच्या उबेत जोडी जोरात वाढते. म्हणून दूध विरजल्यावर भांडं गुंडाळून ठेवायचं, आपणही थंडीत ठेवतोच की.

१९१५ साली ऑटोमन (तुर्की) साम्राज्यात आर्मेनियन लोकांचा वंशसंहार झाला, त्यानंतर आर्मेनियन माणसं जगभर विखुरली. काही घरांमधे अजून सांगतात की कापड मात्सुनमधे बुडवून वाळवलं आणि ते विरजण म्हणून घडी करून बरोबर नेलं. सावकाश वाळवलं तर काही जीवाणू मरतात पण काही नुसते निपचित पडून राहतात आणि कोमट दूध मिळालं की परत कामाला लागतात, त्यामुळे ही आठवण मला अजिबात अशक्य वाटत नाही. सार्किस आणि रोझ कोलोंबोसियन या आर्मेनियन जोडप्याने १९२९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला घरचं मात्सुन विकायला सुरुवात केली आणि त्यातूनच पुढे कोलंबो योगर्ट उभं राहिलं.

घरी करून बघायचं असेल तर अंडं आणि पीठ आधी गार दह्यातच घोटून घ्या, गुठळी राहू देऊ नका, मग हळूहळू पाणी, मग मंद आच, आणि पहिली उकळी येईपर्यंत डाव हातातून सोडायचा नाही, फोन वाजला तरी.