पायाखालची वाळू सरकू नये म्हणून

पिसाच्या कलत्या मनोऱ्याच्या पायात १९३४ साली ३६१ भोकं पाडून सुमारे ८० टन सिमेंटचं ग्राउट, म्हणजे दाबाने आत भरायचं पातळ मिश्रण, भरलं. मनोरा सावरायच्या ऐवजी आणखी कलला. शतकानुशतकं कसाबसा तोल साधून उभ्या असलेल्या वास्तूला कमकुवत मातीइतकाच धोका दुरुस्तीच्या धक्क्याचा असतो.

जुन्या वास्तूच्या पायाखालची सुटी वाळू बांधून ठेवायला तिच्यात ग्राउट भरतात, पण बारीक वाळूत सिमेंट शिरतच नाही. मातीतले १५ टक्के कण ज्या आकाराहून बारीक, त्या आकाराला सिमेंटचे ८५ टक्के कण ज्याहून बारीक, त्या आकाराने भागा. उत्तर २४ च्या वर आलं तर सिमेंट शिरतं, ११ च्या खाली आलं तर नाद सोडा. बारीक वाळूत ते दोनच्या आसपास येतं. तरीही दाब वाढवला, की ग्राउट जमीन फाडून पायालाच उचलतं.

म्हणून रसायनं आली. १९२५ पासून वापरात असलेलं सोडियम सिलिकेट अतिशय अल्कलीयुक्त; त्याचे क्षार ओलीबरोबर वर चढून दगडाला लोणा लावू शकतात. पाण्यासारखं पातळ अ‍ॅक्रिलामाइड मज्जातंतूंना विषारी. जपानमध्ये १९७४ साली विहिरीच्या पाण्यातून विषबाधा झाली आणि त्यावर बंदी आली.

सध्याचा सौम्य पर्याय म्हणजे कोलॉइडल सिलिका: पाण्यात तरंगणारे काही नॅनोमीटरचे सिलिकाकण. वजनाने ५ टक्के सिलिका असलेलं द्रावण जवळजवळ पाण्याइतकंच पातळ असतं. त्यात मीठ घातलं आणि सामू (pH) ५ ते ७ च्या दरम्यान आणला, की कण एकमेकांना धरतात आणि द्रावण थिजतं. मिठाच्या प्रमाणानुसार काही तासांत किंवा काही आठवड्यांत. थिजायला किती वेळ लागतो याची चाचणी नळाच्या पाण्यावर उरकू नये. जागेवरचं भूजल खारट निघालं तर ग्राउट नळीच्या तोंडाशीच थिजतं. उलट भूजल वाहतं असेल तर द्रावण विरळ होऊन थिजतच नाही.

हिशेब सोपा आहे. नळीभोवती अर्धा मीटर त्रिज्येचा भाग भरायचा आणि सच्छिद्रता, म्हणजे वाळूतल्या पोकळीचा वाटा, ३५ टक्के असेल, तर खोलीच्या दर मीटरला सुमारे २७५ लिटर लागतात. भोकांवर रबरी बाह्या बसवलेली नळी आधी पुरतात, मग पॅकरने, म्हणजे नळीत घट्ट बसणाऱ्या बुचाने, एकेक बाही वेगळी करून खालून वर भरत येतात. दाबाचा ढोबळ नियम दर मीटर खोलीला ०.२ बार, जुन्या पायाजवळ त्याहूनही कमी. दाब अचानक घसरला तर जमीन फाटली समजा आणि पंप बंद करा. पायावरच्या पातळीखुणा त्या वेळी सतत वाचत राहायला हव्यात.

जिवाणूंकडून युरिया फोडून वाळूत कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) जमवण्याची पद्धतही आकर्षक आहे, पण युरियाच्या प्रत्येक रेणूमागे अमोनियमचे दोन आयन उरतात. ते धुऊन काढायची सोय नसेल तर तिला ‘हरित’ म्हणवत नाही.

सिलिकाचं जेलही सगळीकडे चालत नाही. चिकणमातीत ते शिरत नाही, आणि भूजलपातळीच्या वर वाळलं की आकसून तडकतं. शिवाय एकदा भरलेलं ग्राउट परत काढता येत नाही, म्हणून वास्तूपासून दूर, त्याच थरात आधी एक नळी भरून पाहावी आणि खणून तपासावी.